सदतिसाव्या पानावरचा चष्मा

तीर्थरूप मामा यांना,

भाच्याचा नमस्कार, आणि या वेळी अगदी कंबरेतून वाकून. नवी कवळी बसली का? ती तुम्ही फक्त पाहुण्यांसमोर लावता, असं आई म्हणत होती. मामींची तब्येत ठीक असेलच. तुमच्यावर ओरडण्याइतका आवाज फोनवर खणखणीत येतो. इकडे सगळे मजेत. (मी सोडून. ते ओघाने येईलच.)

मी पोटासाठी काय करतो, हे माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. कंपन्यांनी कामगारांना विमा, रजा, औषधपाणी, निवृत्तीच्या सोयी काय द्याव्यात याचा सल्ला देतो, असं सांगितलं की ते मान डोलावतात आणि विचारतात, "ते झालं, पण काम काय करता?" गेल्या महिन्यात हाच प्रश्न खोक्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी विचारला. हा धंदा तुम्ही माझ्या हाती देण्याआधीपासूनचं तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, मामा. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं.

मी तयारीत होतो. बासष्ट पानांचा अहवाल, रंगीत आलेख, आणि लग्नातला कोट (बटण लागत नाही, पण उभं राहिलं की कळत नाही, मी दोन तास उभाच होतो). त्यांच्या काचेच्या खोलीत डिंकाचा वास आणि कटिंग मशीनची धडधड, त्यात मी पडद्यावर "समाधान : एक्क्याण्णव टक्के" असं दाखवत होतो. पण बाईंचं लक्ष टेबलावरच्या साबणाच्या एका खोक्याकडे. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, "सुगंधी सावण". अख्खा माल तसाच बाहेर पडून परत आला होता. मला हसू आलं. एवढंच हसू त्या दिवशी माझ्या वाट्याला होतं.

छपाई तपासणाऱ्या काकांना त्यांनी आत बोलावलं. तुम्ही ओळखता त्यांना, कानावर पेन्सिल ठेवणारे. त्यांना कामावरून काढायचं, असं जवळजवळ ठरलेलंच होतं. बाईंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "काका, काय दिसतंय?" पडद्यावर माझा गोल आलेख होता, विम्याच्या खर्चाच्या सहा रंगांच्या फाका. काकांनी डोळे बारीक केले, माझ्याकडे बघून कौतुकाने हसले आणि म्हणाले, "छान आहे छत्री."

मग बाईंनी मला विचारलं, डोळे तपासायची, चष्म्याची काही सोय आपल्या योजनेत आहे का? मामा, मी काय करावं? मी छाती फुगवली (बटण तेव्हाच तुटलं) आणि म्हणालो, "आहे ना! चार वर्षांपासून. पान सदतीस."

"हे यांना कोणी सांगितलं?"

"ई-मेल गेला होता," मी म्हणालो. काकांकडे ई-मेल नाही. काकांकडे मोबाइलसुद्धा सुनेचा जुना. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "चूक माझीच साहेब, मी विचारायला पाहिजे होतं." दोन वर्षं त्यांना धुरकट दिसत होतं. नोकरी जाईल म्हणून कोणाला बोलले नाहीत, खोकं नाकाला लावून तपासायचे. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, तर मी घरी जाऊन जेवलो असतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना डोळ्यांच्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेलो. मग सगळ्यांना योजना समजावून सांगायला कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या नळाशेजारी टेबल टाकून बसलो. पहिल्या दिवशी एकच बाई आल्या. त्यांना वाटलं मी घड्याळं विकतोय. दुसऱ्या दिवशी तिघांनी पंखा दुरुस्तीची तक्रार नोंदवली, मी ती लिहूनही घेतली. चौथ्या दिवशी चष्मा घातलेले काका शेजारी खुर्ची ओढून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागले. तेव्हा कुठे रांग लागली. मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, आता बरं दिसतं ना? ते म्हणाले, "आमच्या हिचे केस एवढे पांढरे झालेत, हे मला माहीतच नव्हतं हो."

मामा, हे वाक्य बासष्ट पानांत कुठे घालू? आणि ती दोन वर्षं त्यांना कोणत्या पानावरून परत देऊ?

काकांची नोकरी राहिली. मी खजील आहे. मामींना नमस्कार.

तुमचा (अजून मानत असाल तर) भाचा

ता. क. – करारही राहिला, पण सहाच महिने, आणि एका अटीवर : मंगळवारी कॅन्टीनच्या टेबलावर तुम्ही हवे आहात. बाई म्हणाल्या, भाच्याने हवं तर शेजारी बसावं.

ता. क. दुसरा – तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला म्हणालो होतो की कारखान्याला आता तुमची फेरी नको आहे, कामात खोळंबा होतो. तसं कोणीच म्हणालं नव्हतं. उलट बाईंनी दोनदा तुमची चौकशी केली; मी सांगितलं, त्यांना आता झेपत नाही. तुम्ही कामगारांच्या बाकावर बसून गप्पा मारायचात आणि मला त्याची लाज वाटायची. रागवा, हवं तेवढं रागवा, पण फोनवर नको. मंगळवारी सकाळी नऊला गाडी घेऊन येतो, वाटेत रागवा.