हात लागलेला उंट चालवण्याबाबत

मी, आलीदे कुर्वित्स, वय वर्षे तेवीस, अविवाहित, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार पार्नू, र्यूत्ली रस्ता, दुकानाच्या वरची खोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर नाही असे या गावात दोन आठवडे बोलले जात आहे, म्हणून पुरावाही देते. आज सकाळी मी दोन मनगटी घड्याळे उघडली, साफ केली आणि बंद केली. दोन्ही चालू आहेत. काल डॉक्टर लाउर यांनी मला तपासले, तेराचा पाढा उलटा म्हणायला लावला आणि दाखला दिला. तो सोबत टाचला आहे.

कलम १. गेल्या वर्षी मार्चमध्ये, छातीत पाणी झाले तेव्हा, मी एक मृत्युपत्र केले होते. त्याच्या तिसऱ्या कलमात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. तेथे लिहिले आहे: "१९३१ साली ज्या डावाने माझे वडील याकोब कुर्वित्स देशाचे विजेते झाले, तो त्यांनी निष्कलंक हाताने जिंकला. मी तेथे हजर होते." यातले दुसरे वाक्य खरे आहे. पहिले खोटे आहे, आणि लिहिताना मला ते ठाऊक होते. वोल्देमार काका खाटेशी बसून शब्द सांगत होते हे खरे, पण लेखणी माझ्या हातात होती. ते मृत्युपत्र रद्द समजावे. ते वाक्य मात्र काकांनी, म्हणजे बुद्धिबळ मंडळाच्या अध्यक्षांनी, उचलून संगमरवरात कोरून घेतले आहे. ती पाटी मंडळाच्या दालनात लागणार आहे. तेव्हा केवळ माझ्या सहीने ते आता रद्द होत नाही.

कलम २. घडले ते असे. शेवटच्या फेरीत बाबांसमोर हापसालूचे भूगोलशिक्षक मिहकेल तीदुस होते. मी पंधरा वर्षांची होते. भिंतीवरच्या मोठ्या पटावर प्रत्येक चाल खुंटीला अडकवून लोकांना दाखवायचे काम माझ्याकडे होते, त्यासाठी मला एक स्टूल दिले होते. त्यावर उभे राहिले की खालचा खरा पट सर्वांत स्वच्छ मलाच दिसे. चौतिसाव्या चालीला तीदुस चहा घ्यायला शेगडीकडे गेले. बाबांनी काळ्या उंटाला दोन बोटांनी धरले आणि उचलले. किती, ते सांगणे माझे कर्तव्य आहे: केसभर. त्याच्या बुडाला चिकटवलेले हिरवे बनातीचे कापड पटावरून सुटलेले मी पाहिले. तो उंट हलला की मागचा हत्ती उघडा पडत होता. बाबांनी उंट खाली ठेवला आणि हत्ती चालवला.

आमच्या खेळात मोहऱ्याला हात लागला की ते चालवावेच लागते. हे लहान मुलालाही माहीत असते.

तीदुस चहाचा पेला घेऊन परत येत होते. ते म्हणाले, "कुर्वित्स, तुम्ही उंटाला हात लावलात." बाबांनी नजर पटावरच ठेवली. पंचांनी भोवतालच्या लोकांना विचारले, कोणी पाहिले नव्हते. मग त्यांनी वर पाहिले.

"मुली, तू पाहिलंस?"

"नाही," मी म्हणाले. "मी माझ्या पटाकडे बघत होते."

पुढे अकरा चालींत बाबा जिंकले. वर्तमानपत्राने तीदुस यांना रडका ठरवले. त्यांच्या वर्गातली मुले खडूला बोट लावून म्हणत, "मी नाही हात लावला, सर." त्यानंतर त्यांना एकाही स्पर्धेचे बोलावणे गेले नाही.

तीदुस जिंकलेच असते असे मी म्हणत नाही. बाबांनी पुढे याहून वाईट स्थितीतले डाव वाचवले आहेत. पण तो डाव खेळलाच गेला नाही, एवढेच मी सांगते.

कलम ३. बाबांच्या बाकीच्या डावांना कोणी बोट लावू नये. स्वातंत्र्ययुद्धात खंदकातल्या पटावर ते खेळायला शिकले. दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळे दुरुस्त करत, आणि संध्याकाळी मला पटावरच शिकवत. माझी पहिली शाळा तीच. पटाच्या कडेला आठच अक्षरे असल्यामुळे तेवढी मला चौथ्या वर्षी येत होती, आणि नववे अक्षर असते हे मला आजीकडून कळले. बाबा रीगात दुसरे आले, स्टॉकहोममध्ये तापात खेळले, आणि ज्याच्या नावाने युरोप चळाचळा कापे अशा एका पाहुण्या खेळाडूला त्यांनी एकसष्ट चालींत नमवले. हे सगळे त्यांचे आहे, आणि खरे आहे.

मात्र १९३१ नंतर ते खेळायला बसले की उजवा हात मांडीखाली घालत, आणि चाल पक्की झाल्यावरच बाहेर काढत. लोकांना ती विजेत्याची लकब वाटली. आज पार्नूची सगळी मुले तशीच बसतात, आणि पाटीवरही काकांनी बाबांना तसेच कोरून घेतले आहे, खाली "संयम" असे लिहून. तो संयम नव्हता. ती शिक्षा होती, आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती.

१९३७च्या फेब्रुवारीत, जाण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी उशीखालून तो उंट काढून मला दिला.

"तू पाहिलं होतंस," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मला वाटायचं, तू कधीतरी सांगशील. मग मलाही सांगता येईल."

"मी तुमची वाट बघत होते."

ते थोडे हसले. म्हणाले, "म्हणजे आपण दोघांनी आपापलं घड्याळ चालू ठेवलं, आणि चाल कुणीच केली नाही."

कलम ४. दुकान, बँकेतली शिल्लक आणि खोलीतले सामान माझ्या आईला, लीना कुर्वित्स यांना. मी हे सगळे तिच्यापासून लपवले असे मला वाटत होते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले, आणि मंडळाच्या दालनात जाऊन सर्वांनाही सांगणार हे सांगितले. ती हातमोजे विणत होती, तिने टाकेही सोडले नाहीत. "सहा वर्षं नवरा घरातसुद्धा हात मांडीखाली घालून बसतो," ती म्हणाली, "समोरचं सूप गार होतं, आणि बायकोला कळत नाही होय? मी तुम्हा दोघांपैकी कोण आधी तोंड उघडतंय ते बघत होते." मग म्हणाली, "जाशील त्या दिवशी लोकरीचे पायमोजे घाल. त्या दालनात मे महिन्यातही गारठा असतो."

कलम ५. हत्यारे: भिंगे, पेचकस आणि लेथ दुकानासोबत जावेत. फक्त बाबांचा बारीक चिमटा माझ्याबरोबर पुरावा. मला दुसऱ्या चिमट्याची सवय नाही.

कलम ६. भिंतीच्या पटासाठी मला दिलेले स्टूल पुढे मंडळाने मला भेट दिले होते. ते मी वोल्देमार काकांना देते. त्यांनी त्यावर निदान एकदा उभे राहावे. तेथून काय दिसते हे त्यांनी मला कधी विचारले नाही. मी सांगायला गेले तर म्हणाले, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, आलीदे." मी म्हटले, "तीदुस जिवंत आहेत, काका. त्यांना तरी कुठे देता आलं?" त्यानंतर काका माझ्यासाठी फार हळवे झाले. माझ्या मज्जातंतूंना विश्रांती हवी, तार्तूच्या दवाखान्यात खाट सांगून ठेवली आहे, आठ तारखेच्या गाडीचे तिकीटही काढले आहे, असे त्यांनी कळवले. "पाटीचा समारंभ आटोपला की तुला आणायला मी स्वतः येईन," म्हणाले. ते तिकीट मी दाखल्याच्या मागे टाचले आहे. मी त्या गाडीने जाणार नाही. मला उचलून नेले, तर हा कागद वाचणाऱ्याने समजावे की मी माझ्या मर्जीने गेले नाही.

कलम ७. बाबांनी स्वतः बनवलेले दोन तबकड्यांचे स्पर्धेचे घड्याळ बुद्धिबळ मंडळाला. अट एकच: ते "संयम" लिहिलेल्या पाटीखाली ठेवू नये.

कलम ८. बाबांचा पट आणि मोहरे, बत्तीसच्या बत्तीस, मिहकेल तीदुस यांना. दोन वर्षे त्यातला काळा उंट माझ्या खिशात होता. तो मी जागेवर ठेवला आहे.

कलम ९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते हे मला माहीत आहे. पण हे एक कलम मी जिवंतपणीच पार पाडणार आहे. पाटी उघडायच्या आधी, सर्वांसमोर, मी बाबांच्या जागी बसेन. पट चौतिसाव्या चालीवर मांडेन. ती मांडणी मला न बघता येते, आठ वर्षे रोज येत आहे. मी काय पाहिले होते ते मोठ्याने सांगेन. मग उजवा हात उघडा पटावर ठेवून उंट चालवेन, आणि घड्याळ दाबेन. माझा हत्ती जाईल. त्यापुढचा डाव मला जमेल तसा मी खेळेन, आणि जो निकाल लागेल तो त्या डावाचा खरा निकाल मानेन. मंडळाने मानला नाही तरी मी मानेन. मी हा अर्ज केलेला नाही, त्यामुळे तो नामंजूर करता येणार नाही.

हे मी तीदुस यांना पत्राने कळवले, आणि क्षमा मागितली. मला वाटले, उत्तर येणार नाही. सोमवारी पत्रपेटीत कार्ड पडले होते. त्यावर तीन वाक्ये आहेत, ती जशीच्या तशी उतरवते: "येतो. माझी चाल आहे असे धरून चालतो. तो चहा मात्र आता गार झाला असेल, दुसरा सांगून ठेवा."

चहा सांगून ठेवला आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

साक्षीदार पहिले: डॉक्टर एदुआर्द लाउर, पार्नू. माझ्यासमोर सही केली. नाडी शांत. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: श्रीमती मीली वाहर, बाजारातल्या धुरावलेल्या मासळीच्या विक्रेत्या, शेजारीण. सही करण्याआधी त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र कसलं करतेस पोरी, तुझं अजून लग्न व्हायचंय. आणि मला निदान तुझी कॉफीची किटली लिही." साक्षीदाराला काही देता येत नाही असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग लवकर मरू नकोस, मी येऊन तुझ्याकडेच कॉफी पीन," आणि त्यांनी सही केली. (सही)

मृत्युपत्र करणारी: आलीदे कुर्वित्स. (सही, उजव्या हाताने)

ठिकाण पार्नू, गुरुवार, ४ मे १९३९.

कलम ९ पार पाडण्याचा दिवस: रविवार, १४ मे १९३९, दुपारी बारा वाजता.