मतदानापुरतं माहेर

५ डिसेंबर
सकाळपासून चहाचं आधण उतरलेलं नाही. ग्रामपंचायतीचं इलेक्शन जणू आमच्याच पडवीत! यंदा सरपंचपदाला ह्यांच्या पॅनेलचा जितेंद्र. त्याची सून गोव्याची, ख्रिस्ती. पण कुणाचं काही म्हणणं नाही. शेजारच्या काशीबाई त्या पोरीबद्दल म्हणतात, "काळ बदललो गो विमला! चेडू गुणाचा आसा."

आमच्या तेजस्वीने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा ह्याच काशीबाईंनी आमच्या घरचं पाणी सोडलं होतं. आणि ह्यांनी लेकीला घर बंद केलं. का, तर आम्ही देवळाचे मानकरी!

८ डिसेंबर
देवळात जितेंद्रसाठी गाऱ्हाणं. देवाला साकडं घालणारे आमचे हेच. "बा देवा म्हाराजा, जितेंद्राक यश दी, त्येच्या सुना-लेकरांची राखण कर रे म्हाराजा!" सगळे — "व्हय म्हाराजा!" काशीबाईंचा आवाज सगळ्यात वर.

पुढे नेहमीचं — मुंबैक गेलेल्या, गोंयाक गेलेल्या लेकरांची राखण. 'घाटार गेलेल्या' हे शब्द तेजस्वी कोल्हापूरला गेल्यापासून हे गाळतात. आजही गाळले. मला तिथेच रडू आलं.

९ डिसेंबर
विचारलं, "दुसऱ्याची सून चलता, मगे आपला चेडू?" म्हणाले, "ता वेगळा." मी वाद घातला नाही. दमले आता.

१३ डिसेंबर
ह्यांनी तेजस्वीला फोन केला. स्वतःहून! मी चूल सोडून दाराशी आले. मग पुढचं ऐकलं — "यादीत तुझा नाव आसा अजून. मतां कमी पडतत. येतलंस ना?" येते म्हणाली. तरीही मी लाडवांना रवा भाजायला घेतला. आईची जात!

१५ डिसेंबर
मतदान. आली. वाळलीय. शाळेच्या फाटकाशी तिने विचारलं, "बाबा, घराक येव काय?" हे इकडेतिकडे बघत म्हणाले, "निकाल लागांदे. मगे बघूया. लोक बघतत." ती आत जाऊन मत देऊन आली. मी लाडवांचा डबा घेतला आणि तिला एसटीपर्यंत सोडायला गेले.

१७ डिसेंबर
कोल्हापूर. परवा एसटीत मीही चढले, ते लिहायचंच राहिलं. आत्ता ह्यांचा फोन — "जितेंद्र निवडून इलो! घेऊन ये तिका. आता कोण काय बोलाचो नाय." फोन ठेवला. तेजस्वीने विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

म्हटलं, "जिंकले."