देशभरातील उद्योजक

ती. दादास,
सा. नमस्कार.

मी मजेत आहे. नव्या खोलीला खिडकीसुद्धा आहे! आईचा गुडघा कसा आहे?

तू म्हणालास, परदेशातून येणाऱ्या बिजागऱ्यांवरचा कर उठला तर आपला कारखाना बसेल, तुमच्या उद्योग महासंघात शब्द टाक. टाकला रे. साहेबांनी चहा पाजून ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझा भाऊ आपला सभासद, तसे कपाटं बनवणारे मोठे कारखानेही आपलेच. त्यांना स्वस्त माल हवाय. सरकारपुढे महासंघाने एकाच तोंडाने बोलायचं असतं."

काल कर उठला. अशा वेळी महासंघाचं निवेदन निघतं, आणि ते मीच लिहिते. मी "चिंता वाटते" लिहिलं, साहेबांनी खोडलं. "दखल घेतो" लिहिलं, तेही खोडलं. मग नेहमीचंच लिहिलं.

आई शेजारीपाजारी सांगत असते ना, आमच्या छोटीच्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणून? उद्याचा पेपर तिला दाखवू नकोस. त्यात माझं वाक्य असेल: "देशभरातील उद्योजक या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत करतात."

देशभरातील म्हणजे त्यात तूही आलास, दादा.

तुझीच,
छोटी