सरकारी बाईंसमोर आम्ही ठणठणीत

एडिथबर्ग,
रविवार, दुपारच्या जेवणानंतर

आदरणीय एनिडताईंना मर्व्हचा मनापासून नमस्कार.

तुमची कंबर, तुमचं मांजर आणि पोर्ट पिरीची हवा, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इतक्या वर्षांत मी मेहुणीला एकही पत्र पाठवलं नाही, तेव्हा पाकीट पाहून कोणीतरी गेलं असंच तुम्हाला वाटलं असणार. कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हीच बोलता. अक्षर तुमच्या बहिणीचं आहे, कारण बीटरूटची बरणी उघडताना माझा अंगठा मुरगळला. मजकूर मात्र सगळा माझा. (डल्सी: ती बरणी ख्रिसमसची. आता ईस्टर होऊन गेला. हा जिथे थापा मारेल तिथे मी कंसात लिहीन, असं ठरवूनच पेन हातात घेतलंय.)

तर झालं असं, की आमच्या लेकीचा, लिनेटचा, डार्विनहून फोन आला. म्हाताऱ्यांना आपापल्या घरीच राहता यावं म्हणून सरकार मदत देतं, तर तुम्ही ती मागा, असं तिचं म्हणणं. मला मदतीची गरज नाही हे उघडच आहे, म्हणून मी डल्सीच्या गुडघ्यांसाठी अर्ज केला. तेव्हा कळलं, की तिने आदल्याच दिवशी गुपचूप माझ्या नावाने केला होता. (डल्सी: कारण गरज त्यालाच होती.)

मग मी हा सगळा कारभार समजून घ्यायला बसलो. सरकार पैसे देतं, पण ते आपल्याला दिसत नाहीत. ते एका संस्थेच्या नावे राहतात आणि संस्था आपल्याकडे माणसं पाठवते. मदतीच्या पायऱ्या आहेत आठ. पहिलीवरचा माणूस जरा दमलेला, आठवीवरचा जवळजवळ वर पोहोचलेला. नर्स येऊन जखम बांधून गेली तर सगळा खर्च सरकारचा, अंघोळीला हात द्यायला कोणी आलं तर थोडा आपलाही, आणि अंगणातलं गवत कापायला कोणी आलं तर आपला त्याहून जास्त. म्हणजे वाढलेल्या गवतात अडखळून पाय फोडून घेतला तर सरकार धावून येणार, पण ते गवत वेळेवर कापलं तर भुर्दंड आपल्याला. हे मी सरकारी फोनवरच्या मुलीला समजावून सांगितलं. तिने मला परत संगीत ऐकायला बसवलं.

आपण कितव्या पायरीवर आहोत ते ठरवायला एक बाई घरी येऊन बघून जाते. आमच्याकडे कडिनाहून टेगन नावाची मुलगी येणार होती. आता पाहुणी येणार म्हटल्यावर घर आवरायला नको का? डल्सीने खिडक्या पुसल्या, मी अंघोळीचं स्टूल आणि तिची चालायची फ्रेम मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लपवली, कारण दवाखान्यासारखं दिसत होतं. डल्सीने मोत्यांची माळ घातली, ओठ रंगवले, स्कोन भाजले. मीसुद्धा टाय लावला. (डल्सी: मी लावला.)

ती पोरगी खरोखर गोड. आल्या आल्या म्हणाली, "कसं काय चाललंय?"

आता आपल्याकडे वादळात छप्पर उडून शेजारच्या गव्हात पडलं असलं तरी या प्रश्नाचं उत्तर एकच असतं. आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "तक्रार करण्यासारखं काही नाही."

तिने ते लिहून घेतलं. अंघोळ एकटीने जमते का, असं तिने डल्सीला विचारलं. अनोळखी पोरीशी अंघोळीच्या गोष्टी कोण बोलतं? जमते म्हणाली. बटणं लावता येतात का, असं मला विचारलं. मी शर्टाकडे बोट दाखवलं. मग चहा झाला. किटली आणायला मी उठलो, कप डल्सीने भरले. जॅम मी आणला, झाकण डल्सीने उघडलं. बशा मी वाटल्या नाहीत, त्या तिने वाटल्या, आणि ती उठली नाही, मी उठलो. घरात आमचं हे असंच चालतं, पाय माझे आणि हात तिचे. दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस होतो, आणि टेगनने नेमका तोच पाहिला. साय लावून स्कोन खाल्ले, कृतीही मागून घेतली. (डल्सी: दिली. लोणी कमी सांगितलं.)

निकाल आला. पंधरवड्यातून एकदा झाडलोट, बाकी दोघंही ठणठणीत. झाडायला बाई येते, आणि तिला घाण दिसू नये म्हणून आदल्या दिवशी डल्सी घर झाडते.

मग गेल्या मंगळवारी डल्सी टबात बसली आणि तिथेच राहिली. गुडघे उठू देईनात. मी ओढलं, पण अंगठा. (डल्सी: अंगठा!) शेवटी गावातल्या आग विझवणाऱ्या पोरांना बोलवावं लागलं. ती सगळी पोरं लहानपणी माझ्या हाताखाली फुटबॉल शिकली, आणि त्यांनी तुमच्या बहिणीला ख्रिसमसच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून बाहेर काढलं. तिने त्यांनाही स्कोन दिले. टेबलक्लॉथ वाळायच्या आत बातमी डार्विनला पोहोचली.

लिनेट आता हट्टाला पेटलीय. घरी पुरेशी मदत मिळाली नाही तर आम्ही वृद्धाश्रमात जायचं. जागा दोन आहेत, डल्सीला कडिनाला आणि मला थेट पोर्ट लिंकनला. मध्ये आखातभर पाणी. एका ठिकाणी नुसते हात आणि दुसरीकडे नुसते पाय घेऊन आम्ही काय करणार, हे मी लिनेटला विचारलं, तर ती फोनवर रडायला लागली. मलाही बरं वाटलं नाही.

असो. मांजराला माझी आठवण सांगा.

तुमचा,
मर्व्ह

ता. क. खरं काम राहिलंच. टेगन पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, पुन्हा बघायला येतेय. तुम्ही या. आमच्या दोघांच्या तोंडून खरं निघणार नाही, आणि तुमच्या तोंडून दुसरं काही निघत नाही. आमच्या लग्नात तुम्ही पाद्र्याच्या देखत म्हणालात, की या माणसाला अंडंसुद्धा उकडता येत नाही. त्याचा राग मी इतकी वर्षं धरला, आज सोडला. तसंच बोला, फक्त डल्सीबद्दल. ती रात्री भिंत धरून चालते, ते सांगा. (डल्सी: लिहितेय, पण दात-ओठ खात.)

ता. क. एनिड, मी डल्सी. मर्व्ह कोंबड्यांना दाणे टाकायला गेलाय, तेवढ्यात लिहिते. अंगठ्याला काही झालेलं नाही. त्याचे हात थरथरतात, दोन्ही. कप धरवत नाही. दाढी मी करते, आणि तेव्हा तो डोळे मिटून घेतो, मला बघवत नाही. माझे गुडघे राहू देत, तू त्याच्याबद्दल बोल. मला भीती वाटते ग. आणि येताना केक आणू नकोस, मी स्कोन करणारच आहे.

(पाकिटाच्या मागे, वाकड्यातिकड्या अक्षरात)

ता. क. टपालपेटीवर ठेवून लिहितोय. मघाशी कोंबड्यांना दाणे नाही टाकले, गुरुवारी स्कोन होऊ नयेत म्हणून स्कोनचं पीठ टाकलं. डल्सीला सांगू नका. ताई, आम्हाला दोन गावांत ठेवू देऊ नका. हे वाचता आलं नाही, तर पाकीट तसंच टेगनच्या हातात द्या.