परत येण्याची अट

२ मार्च

नाही पाठवलं. आजही नाही! विभागप्रमुख असानकुल झाकिपोविच यांना शिफारसपत्र लिहायला अजून मुहूर्त सापडलेला नाही. सेझिमच्या तार्तू विद्यापीठाच्या अर्जात बाकी सगळं जागच्या जागी आहे. गुण, इंग्रजीची परीक्षा, प्रकल्प, सगळं. रिकामी आहे ती फक्त या गृहस्थांची जागा, आणि मुदत पंधरा तारखेची. आज पोरीने त्यांना दाराशी गाठलं तर म्हणाले, "घाई कसली, मुली? लग्नाची एवढी घाई केली असतीस तर आज नातवंडं खेळवली असतीस."

नातवंडं! पोरगी तेवीस वर्षांची आहे. संगणकशास्त्राचे प्रमुख आहेत म्हणे. बेरीज मात्र येत नाही.

सोलचा होकार हातात आहे, हे खरं. प्रयोगशाळा मोठी, शिष्यवृत्ती घसघशीत. विषय काय, तर कॅमेऱ्यातून माणसाचा चेहरा ओळखणं. सेझिमला चेहऱ्यांत रस नाही. तिला किरगिझ शब्द सोडवायचे आहेत, एका धातूमागे प्रत्ययांची आगगाडी लागते ती यंत्राला सोडवायला शिकवायची आहे. तार्तूत असल्या धाकट्या भाषांवरच काम करणारी एक प्राध्यापक बाई आहे. सेझिमला तिच्याच हाताखाली शिकायचंय.

'संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा' हे वाक्य पुण्यात ऐकून ऐकून मी देश सोडला, असं मी तिला नेहमी सांगतो. पण तिच्या प्रोग्रॅममधले लोप, आगम, आदेश हे संस्कृत व्याकरणाचे नियम याच खोलीत बसून शिकवलेत मी. तेव्हा संतापायचा थोडा हक्क भाडेकरूलाही आहे.

५ मार्च

दुपारी अपाकडे जेवण. उलकान अपा, माझी घरमालकीण आणि सेझिमची आजी. इथल्या रीतीने पहिलं नातवंड आजीच्या पदरात घालतात. सेझिम तिच्याजवळच वाढली. बाप तोलोन रशियात गेला आणि तिथलाच झाला. अपाचा धाकटा, सुयुन, मात्र बिश्केकमध्येच आहे. फारच आहे. आजही जेवायला हजर.

"सोल सोडून कुठं? तार... काय ते?"

"तार्तू, काका. एस्टोनियात."

"कोरिया म्हटलं की शेजाऱ्यांना कळतं गं. तार्तू म्हटलं तर विचारतील, काय झालंय पोरीला, औषध घेतलं का?"

वर अट! "जा हवं तिथे. पण दोन वर्षांत परत. मुलगा मी बघून ठेवतो." भाचीने... नाही, पुतणीने काय शिकायचं हे कळत नाही, पण कुणाशी नांदायचं ते कळतं!

अपाने सुयुनचा चहाचा पेला काठोकाठ भरला. इथे माणूस बसावा असं वाटत असेल तर पेला अर्धाच भरतात. सुयुन मुकाट उठला. मी फार दिवसांनी पोटभर जेवलो.

९ मार्च

पत्र नाही.

११ मार्च

आता कळलं घोडं कुठे अडलंय! असानकुल साहेबांना हमी हवी. शिकून परत यायचं आणि त्यांच्या विभागात तीन वर्षं शिकवायचं. तसं लिहून दे, मग शिफारस. विद्यापीठाचा असा नियम नाही. मी विचारून आलो. नियम साहेबांच्या डोक्यात आहे.

आणि या मुलीने सही केली! मी ओरडलो. अपाच्या अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत ओरडलो. ती तळलेले बोर्सोक खात होती. मला ती बायके म्हणते, म्हणजे दादा. बोटं पुसून म्हणाली, "बायके, किती आवाज! कागद आहे तो. मी काय रोटी चावून दिलीय त्यांना?"

रोटीची इथली रीत अशी. दूर निघालेल्याने दाराशी घरच्या रोटीचा एक घास चावायचा, उरलेली घरात टांगून ठेवायची, परत आल्यावर त्यानेच संपवायची. ती कागदासारखी नाही, बांधून ठेवते. तोलोनची अजून स्वयंपाकघरात आहे, फडक्यात, खिळ्याला. दगड झालीय. अपा तिच्याखालीच कणीक मळते.

१२ मार्च

गेलं पत्र. तीन ओळी. 'विद्यार्थिनी शिस्तप्रिय व आज्ञाधारक आहे.' जिने अख्ख्या भाषेचं व्याकरण यंत्रात उतरवलं, ती आज्ञाधारक! मी बातमीदार आहे, कमी शब्दांत अपमान कसा करावा हे मला कळतं. पण हे माझ्यापेक्षा वरचढ.

१९ मार्च

सोलला आज उत्तर द्यायचं होतं. दिलं. नाही म्हणून! तार्तूचा पत्ता नाही, आणि हातातलं सोडून मोकळी.

"अगं, तार्तूने नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"मग सोलला होय म्हणून ठेवायचं, नंतर कळवायचं. सगळे तसंच करतात."

"मला बसायचंच नाही ती जागा अडवून ठेवू? तिथेही कुणीतरी यादीत उभं असेल, बायके."

हे कुणी शिकवलं हिला? मी तर नाही. रागाने चालत बाजारापर्यंत गेलो आणि काहीही न घेता परत आलो.

६ मे

तार्तू! मिळालं! शिष्यवृत्तीसकट!

अपाला सांगितलं. तिने हात धुतले, तळवे उघडून आशीर्वाद पुटपुटली, आणि परत भांडी घासायला लागली. एवढंच! दगडाचं काळीज आहे का या बाईला?

सुयुन अख्ख्या गल्लीला सांगत सुटलाय, "पहिल्यापासून मीच म्हणत होतो, तार्तू."

२६ ऑगस्ट

सेझिम निघाली आज.

टॅक्सी दाराशी. सुयुनने तंदूरची ताजी रोटी आणली, सेझिमपुढे धरली. ती तोंड उघडणार एवढ्यात अपाने रोटी खसकन ओढून घेतली. "नको. ही नाही चावायची." आणि आत नेऊन ठेवली!

सुयुन ओरडला, "अपा, अपशकुन करू नका!" सेझिम पांढरीफटक. अपा दारात खांबासारखी उभी. ज्या मुलीला पोटच्यासारखं वाढवलं, तिला निघताना एक घास नाही? इतका राग? गेली म्हणून?

गडबडीत पासपोर्ट राहिला म्हणून सेझिम पुन्हा आत धावली. टॅक्सीत मी अपावर तोंडसुख घेत होतो. पहिला चौक येईपर्यंत पोरीने तोंड उघडलं नाही. मग म्हणाली, "अपावर रागावू नका."

का नको?

२७ ऑगस्ट

रागावलो. सकाळीच. "अपा, तुम्ही तिला घरातून तोडलंत," म्हटलं.

अपाने माझा पेला अर्धाच भरला. म्हणजे बस.

"पत्रकारा, तुला लिहिता येतं, बघता येत नाही. असानकुल म्हणतो, परत येऊन शिकव. सुयुन म्हणतो, परत येऊन लग्न कर. तू म्हणतोस, परत येऊन माझ्या खोलीत सुरू केलेलं ते व्याकरण पुरं कर. म्हणतोस की नाही?"

म्हणतो.

"तोलोन फोनवर रडतो. अपा, माझी रोटी अजून आहे का? आहे म्हणते. त्याला येववत नाही आणि ती टाकवत नाही. मलाही नाही. या पोरीच्या गळ्यात मी ते घालणार नव्हते. तिने यावं तर यावंसं वाटलं म्हणून. नाही तर तिथे सुखात राहावं." मग पदर झटकल्यासारखा ओचा झटकून म्हणाली, "चहा पी. निवतोय."

प्यायलो. राग आता कुणावर काढायचा, कळेना.

२८ ऑगस्ट

ती रोटी वाया जायला नको म्हणून अपाने चहाबरोबर मोडायला घेतली. तिच्यावरचं फडकं सोडलं. कडेला घासभर जागा रिकामी, दातांची स्वच्छ कमान.

अपाने त्या कडेवरून बोट फिरवलं. मग फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"पत्रकारा, एक खिळा ठोक. तोलोनच्या खिळ्यापासून लांब."