नर्सबाईंची शेवटची गाडी

४ फेब्रुवारी
बदनापूरला उतरले तेव्हा ऊन इतकं कोवळं होतं की रिक्षा करायच्या आधी स्टेशनच्या बाकावर बसून निवांत चहा प्यायले. तिथून गाव नऊ किलोमीटर. मी लिहितेय त्या पुस्तिकेत गावाचं नाव बदलायचं आहे, म्हणून इथेही लिहीत नाही.

खोली छान आहे. नवा स्लॅब, पांढरी फरशी, खिडकीला मोठ्या चौकोनांची लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे हरभऱ्याचं रान. मालकीण नंदाबाई चाळिशीच्या, विधवा. शेती स्वतः बघतात. मुलगी शालू, तिचं लग्न वीस तारखेला. सासरे कडूबा (नंदाबाईंचे ‘मामा’, बाकी सगळ्यांचे ‘आबा’) ऐंशीचे, पण काठी नुसती शोभेला. जेवायला भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि असा ठेचा की डोळ्यांतून पाणी आलं. सगळे हसले.

छोट्या पुस्तिकांच्या मालेत चहाचा इतिहास लिहून झाला, पोर्तुगालचा झाला. आता साठ पानांत एक गुन्हा: इथल्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स रजनी पाठक, जुलै १९८३ मध्ये नाहीशा झाल्या. संध्याकाळच्या पॅसेंजरने गेल्या, अशी नोंद आहे. घरी मात्र पोचल्या नाहीत.

६ फेब्रुवारी
कडूबाआबा म्हणजे खाणच. तेव्हा ते बैलगाडी हाकायचे. स्टेशनावरून उपकेंद्राची औषधं आणायचे. मिठाचं पोतं कुठून यायचं, रेडिओ कुणाच्या ओट्यावर लागायचा, बाळंतिणीला बाजेवर घालून कसं न्यायचे, सगळं बारकाव्यानिशी सांगतात. अकरा पानं भरली. उठताना म्हणाले, “मला आजपस्तोर कुणी इचारलंच न्हाई.”

८ फेब्रुवारी
नर्सबाईंना स्टेशनवर सोडणारा गाडीवान आबाच! त्यांच्याच जबाबावर पोलिसांनी फाइल मिटवली होती. माझा मुख्य साक्षीदार माझ्याच घरात. हिरवं लुगडं, पत्र्याची ट्रंक, उजव्या मनगटावर घड्याळ. गाडीत बसवून हात केला, म्हणाले.

९ फेब्रुवारी
सोबत आणलेली जुनी कात्रणं आज नीट लावली. नर्सबाई निघाल्या त्या दिवशी पुराने रूळ वाहून गेले होते. दोन दिवस एकही गाडी बदनापूरला आली नव्हती.

आबांना विचारलं. ते हसले. वयामुळे दिवस चुकत असेल, असं मीच म्हटलं. त्यावर म्हणाले, “दिवस बराबर हाय. बाईचं घड्याळ लई चांगलं. पाण्यात बी चालू व्हतं.”

कुठल्या पाण्यात, ते मी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी
सकाळी आठलाच ते माझ्या दारात येऊन बसले. वही उघडायला लावली. “लिव्ह,” म्हणाले.

त्यांची पहिली बायको मार लागून उपकेंद्रात आणली होती. दुसऱ्या दिवशी वारली. नर्सबाईंनी रजिस्टरात लिहिलं की नवऱ्याने मारलं, आणि ते रजिस्टर घेऊन त्या जालन्याला पोलिसांकडे निघाल्या. बैलगाडी होती ती आबांचीच. दुसरी मिळालीच नाही. वाटेत आबांच्या रानात नवी विहीर खोदली जात होती, पावसाने अर्धी भरलेली.

मी लिहीत राहिले. हात थांबवला तर ते थांबतील, की उठतील, कळेना. विहीर कुठे आहे, एवढंच विचारलं. त्यांनी काठीने माझ्या खाटेशेजारची फरशी वाजवली. विहीर बुजवून त्यावर हे घर बांधलं.

मग माझ्या वहीकडे बघत बसले. वाचता येत नाही त्यांना. तरी बघत होते.

११ फेब्रुवारी
नंदाबाईंना सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. पिठाचा हात पुसला आणि म्हणाल्या, “मी लग्न करून आल्ते त्याच साली मला कळलंय, ताई. शालूचं लग्न होऊ द्या. मंग काय लिव्हायचं ते लिव्हा. सोयरीक मोडंल हो.” त्या रडत होत्या. खोटं नव्हतं ते रडणं.

मी हो म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. निदान तोंडदेखलं तरी.

रजनीबाईंचे भाऊ शरदचंद्र जालन्यात असतात, शहात्तर वर्षांचे. त्यांना फोन केला. मी इतकंच सांगितलं की रजनीबाई गाडीत बसल्याच नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, तिला फार त्रास झाला का.

संपादक मुकुल म्हणतो, आत्ताच्या आत्ता नीघ. रिक्षा उद्या साडेदहाला.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९
पोलीस ठाण्यात फोनवर सगळं सांगितलं. दुपारपर्यंत माणूस पाठवतो, म्हणाले. बॅग भरली. आज शालू माझ्याकडे बघतही नाही.

१०.१५
अंघोळ करून आले तर चार्जरला फोन नाही. नंदाबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मान वर नाही.

१०.४०
दार बाहेरून लावलंय. हाका मारल्या. पलीकडे शालू रडतेय, तिला गप्प करतायत. आवारात रिक्षाचा आवाज आला — नंदाबाईंचा आवाज — ताई सकाळीच गेल्या, बसवून दिलं त्यांना —

ओरडले. रिक्षा वळली. ऐकलं नाही त्याने, किंवा —

११
आबा खिडकीशी. एका हातात पहार. दुसरा हात जाळीतून आत.
“वही दे, पोरी. कडी काढतो.”
नाही म्हटलं. पोलीस येतायत म्हटलं.
येऊ दे की, म्हणतात. तवा बी आल्ते. चहा पिऊन गेले.

११.१०
पानं फाडून जाळीतून रानात टाकतेय, एकेक. बायका हरभरा उपटतायत, लांब आहेत, पण वारा तिकडेच वाहतोय. ज्याला सापडेल त्याने शरदचंद्र पाठक, जालना —

खिडकीत आता कुणी नाही.

हे शेवटचं पान. रजनी पाठक कुठल्याच गाडीत बसल्या नाहीत. त्या इथे आहेत, खाटेच्या डाव्या बाजूला, फरशीखाली. मी निवेदिता, मी पण कुठे गेलेले नाही, कुणी काही सांगितलं तरी मी इथून

कडी वाजली. नंदाबाई म्हणतायत, मामा, जल्दी करा, ज