दारामागची पोती

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. दारामागे तूरडाळीची चार पोती उभी आहेत आणि त्यांच्यामुळे दार अर्धंच उघडतं.

गेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये काय बोलले होते मी! कूपन म्हणजे सवलत नव्हे, गळ आहे. नको ते घ्यायला लावतं. आपण सगळे मिळून घाऊक बाजारातून डाळ आणू. सगळ्यांचे हात वर, टाळ्याच टाळ्या. मी टाळ्यांनाच ऑर्डर समजले. आगाऊ पैसे मागितले नाहीत. लाज वाटली का? हो, वाटली.

आज डाळ न्यायला कुणी आलं नाही. समोरची सुजाता तेवढी दारात आली, तीही सांगायला. "अक्का, भाषण एकदम फर्स्ट क्लास होतं हं! पण अ‍ॅपवर कूपन आलं, आजच संपणार होतं. काय करू सांगा?" वर मलाच धीर दिला, "पुढच्या वेळी नक्की घेते." हसावं की ओरडावं?

जेवायला बसलो. आज स्वयंपाक यांनी केला होता, आमटी छान झाली होती. म्हटलं, निदान आपल्या घरात तरी पोतं उघडलं.

"छे गं, उघडलं तर दुकानदार परत घेईल का? ही डाळ कूपनवर मागवली."

हे! पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे!

ताट तसंच ठेवून उठले, कात्री घेतली आणि दारामागचं पहिलं पोतं उसवलं. आता परत द्यायचा प्रश्नच नाही.

दार मात्र अजून अर्धंच उघडतं.